पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक? शोरूमच्या आधी पार्किंगमध्ये जा

गाडी घ्यायची आहे असं नुसतं बोलून दाखवलं, की नातेवाइकांना मतं फुटतात. आमच्याकडे मेहुणा डिझेलशिवाय दुसऱ्या गाडीला गाडीच मानत नाही. ऑफिसमधल्या एकानं दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक घेतलेली, त्यामुळे तो नवी माळ घातल्यासारखा भेटेल त्याला उपदेश करत सुटलेला. सासऱ्यांचा मात्र एकच प्रश्न होता, "अहो, घाटात बंद पडली तर?"

यात मी दोनदा पैसे घातले आहेत. २०२१ मध्ये डिझेल घेतली, ती साफ चुकली. आता दीड वर्षापासून इलेक्ट्रिक आहे, ती आमच्यापुरती बरोबर निघाली. या दोन्हींतून कळलं ते एवढंच, की कुठलं इंधन घ्यायचं हे ब्रोशर वाचून ठरत नाही. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि दिवसा किती पळते यावरून ते ठरतं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर. खालच्या पायऱ्या पुण्यात राहून लिहिल्या आहेत, पण महाराष्ट्रात कुठेही फारसा फरक पडू नये.

१. आधी एक वही करा

पंधरा दिवस रोज रात्री त्या दिवशीचे किलोमीटर लिहा. आज गाडी नसेल तर स्कूटरचे, रिक्षाचे, कॅबचे लिहा. अंदाजानं लिहू नका. "माझं रनिंग भरपूर आहे" असं म्हणणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांचं रनिंग भरपूर नसतं, फक्त ट्रॅफिकमध्ये वेळ भरपूर गेलेला असतो. मीही त्यातलाच. घरातून ऑफिस, मुलीचा क्लास, मंडई, कधी आईकडे असं सगळं धरून वहीत दिवसाला सरासरी ३५ किलोमीटर निघाले.

दुसऱ्या पानावर वर्षातले लांबचे प्रवास लिहा. आमचे असे: गणपती आणि मे महिना धरून कुडाळजवळच्या गावी तीन-चार फेऱ्या, मुंबईला सहा-सात, एखादं लग्न. हे सोडून रोजचं रनिंग वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर.

आणखी एक रकाना ठेवा, एका वेळचं अंतर. दिवसाचे २० किलोमीटर एकाच दमात होतात की ४-४ किलोमीटरच्या पाच फेऱ्यांत, याला फार महत्त्व आहे. का, ते डिझेलच्या मुद्द्यात येईल.

२. रात्री गाडी कुठे उभी राहते?

ही पायरी इलेक्ट्रिकसाठी आहे, पण इलेक्ट्रिक घ्यायची नाही असं ठरवलेल्यांनीही वाचा. कारण इथे उत्तर "हो" आलं तर बाकीचा विचार बदलतो, आणि "नाही" आलं तर अर्धा गोंधळ संपतो.

तुमच्या नावावर ठरलेलं पार्किंग आहे का? तिथवर तुमच्या मीटरवरून वायर नेता येईल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पुढे चला. रस्त्यावर किंवा "जागा मिळेल तिथे" गाडी लावत असाल तर माझा सल्ला सरळ आहे, आज इलेक्ट्रिक घेऊ नका. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजची गाडी चालवणं म्हणजे रोज हॉटेलात जेवणं. जमतं, पण खर्चही होतो आणि कंटाळाही येतो.

घरच्या चार्जिंगला काय लागतं ते नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये "साध्या प्लगला लावा" एवढंच सांगतात. गाडीबरोबर येणारा केबलवाला चार्जर १५ किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे गीझरच्या सॉकेटवर चालतो आणि सुमारे ३ किलोवॉट ओढतो. ४० युनिटची (म्हणजे ४० किलोवॉट-अवरची) बॅटरी रिकामीपासून भरायला त्याला १३-१४ तास लागतात. हे ऐकून लोक घाबरतात. पण रोज बॅटरी रिकामी करतो कोण? ३५ किलोमीटरला साधारण ६ युनिट जातात, म्हणजे रोजचे दोन तास. ७ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर चांगलाच, पण त्यासाठी मंजूर भार, म्हणजे मीटरवरून एका वेळी किती किलोवॉट ओढायची परवानगी आहे तो आकडा, वाढवावा लागू शकतो. वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो, तो आजच पाहून ठेवा.

विजेचे दोन मार्ग आहेत. घरच्याच मीटरवरून वायर न्यायची, किंवा चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घ्यायचं. घरच्या मीटरवर स्लॅबचा सापळा आहे. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला पायऱ्या चढतो. आमच्या घराचा वापर महिन्याला १८० युनिट. गाडीचे १६५ धरले की ३४५. म्हणजे शेवटची युनिटं वरच्या पायरीच्या दरानं. ज्यांच्या घरी दोन एसी आहेत त्यांचं बिल आधीच ४००-४५० वर असतं, त्यांनी वेगळ्या मीटरचा हिशेब जरूर करावा. स्वतःचा बंगला आणि गच्ची असेल तर तुम्ही नशीबवान. ३ किलोवॉटच्या सोलरला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे आणि ते सोलर दिवसाला साधारण १२ युनिट देतं. गाडीचं भागून वर पंख्याला उरतं.

आता सोसायटी. आमच्या सोसायटीला हो म्हणायला तीन महिने लागले. पहिल्या मीटिंगमध्ये आगीची भीती, दुसऱ्या मीटिंगमध्ये "उद्या सगळ्यांनी मागितलं तर?", आणि तिसऱ्या मीटिंगला कोरमच नव्हता. शेवटी ज्यानं काम झालं ते सांगतो. लेखी अर्ज, सोबत पार्किंगचं वाटपपत्र, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायर कुठून कशी जाणार याचा हातानं काढलेला नकाशा, आणि खर्च व जबाबदारी माझी असल्याचं हमीपत्र. तोंडी विनंतीला तोंडीच नकार येतो, कागदाला मात्र उत्तर द्यावं लागतं. मीटर रूमपासून माझ्या खांबापर्यंत ४० मीटर वायर लागली. ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, पाइप, एमसीबी, आरसीसीबी (वीज गळली तर आपोआप बंद होणारे स्विच) आणि मजुरी मिळून २८,००० रुपये झाले. इलेक्ट्रिशियन आधी ॲल्युमिनियमची स्वस्त वायर सुचवत होता. ऐकू नका. गीझर अर्धा तास चालतो, गाडी तासन्‌तास करंट ओढते. सैल किंवा हलक्या सॉकेटचा प्लग सकाळी हाताला चटका देतो, महिनाभरात वितळतोही.

आणि अर्थिंग! यावर नंतर एक किस्सा आहे.

गाडी बुक करण्याच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी हातात घ्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये एकानं गाडी आधी आणली आणि मग अर्ज दिला. तो अजून दर दोन दिवसांनी पेट्रोलपंपामागच्या चार्जरवर पुस्तक वाचत बसतो. वाचन वाढलंय त्याचं.

३. आता इंधनांची ओळख

*डिझेल.* माझी पहिली चूक इथली, म्हणून सविस्तर सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाची जाळी सक्तीची झाल्यासारखीच झाली. ती काजळी अडवते. अडवलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी एक्झॉस्ट खूप तापायला हवा, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगानं सलग पंधरा-वीस मिनिटं. माझं ऑफिस तेव्हा घरापासून ४ किलोमीटरवर होतं. इंजिन नीट तापायच्या आत मी पोहोचायचो. आठव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरत राहायचा, जळका वास यायचा, आणि मी "सर्व्हिसिंगला दाखवू" म्हणत राहिलो. शेवटी नवले पुलाच्या चढावर गाडीनं ताकदच सोडली. ॲक्सिलरेटर दाबतोय आणि मागून ट्रक हॉर्न देतोय. वर्कशॉपमध्ये मशीन लावून जाळी साफ केली, ऑइल बदललं, कारण अर्धवट जळण्याच्या प्रयत्नात डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं होतं. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

गाडीत दोष नव्हता, गाडी माझ्यासाठी नव्हती. तीच गाडी आज मेहुण्याकडे आहे. तो आठवड्यातून दोनदा नगर-छत्रपती संभाजीनगर करतो, आणि दिवा एकदाही लागलेला नाही. तेव्हा आठवड्याला हायवे, भरलेली मोठी गाडी, घाटाचे चढ आणि वर्षाला २०-२५ हजार किलोमीटर असं असेल तर डिझेलच्या ओढीला आजही तोड नाही. शहरातल्या शहरात वापरायची असेल तर हात जोडा. काही डिझेल गाड्यांना ॲडब्लू नावाचं द्रावणही भरत राहावं लागतं. ते संपलं की गाडी पुन्हा सुरूच होत नाही, हे विक्रेत्याकडून आधी कबूल करून घ्या. बदलीची नोकरी असेल आणि दिल्लीला जायची शक्यता असेल तर तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून जे निर्बंध आणि कोर्टकज्जे चालू आहेत, तेही मनात ठेवा.

*पेट्रोल.* सगळ्यात कमी डोकेदुखी. घेताना स्वस्त, दुरुस्तीला सोपं, विकताना गिऱ्हाईक भरपूर. वर्षाला ७-८ हजार किलोमीटरच्या आत असाल तर उरलेला लेख वाचायची गरज नाही, पेट्रोल घ्या आणि उरलेल्या पैशांचं दुसरं काही करा. एक गोष्ट लक्षात असू द्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणजे टाकीतल्या मिश्रणाची ६-७ टक्क्यांनी कमी. मायलेज थोडं पडणारच. जुनी गाडी घेत असाल तर ती एप्रिल २०२३ नंतरची आहे का ते बघा. तेव्हापासूनच्या गाड्यांचे रबरी पाइप-सील या पेट्रोलला चालतील असे बनवलेले आहेत.

*सीएनजी.* लेखाच्या नावात नसला तरी महाराष्ट्रात हा पाचवा भिडू सोडून चालत नाही. पार्किंगला वीज नाही, रनिंग मात्र दिवसाला ५०-६० किलोमीटर आहे, अशा माणसाला मी डोळे मिटून सीएनजी सांगतो. किंमत म्हणून डिकी जाते, चढावर गाडी दम खाते आणि पंपावर रांग. रांग म्हणजे काय ते संध्याकाळी सात वाजता कुठल्याही पंपावर जाऊन पाहा, मग ठरवा. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी लागते. बाहेरून किट बसवण्यापेक्षा कंपनीचंच घ्या, वॉरंटी शाबूत राहते.

*हायब्रिड.* म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. पण या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हात लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते. तिच्यामुळे खिशाला फारसा फरक पडत नाही. स्ट्राँग हायब्रिड ही खरी हायब्रिड. ती काही अंतर निव्वळ विजेवर चालते, ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते आणि सिग्नल ते सिग्नल सरकताना इंजिन बहुतेक झोपलेलं असतं. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, होंडा सिटी, इनोव्हा हायक्रॉस यांच्या वरच्या मॉडेलांत ती मिळते. ओळखायची सोपी खूण म्हणजे विक्रेत्याला म्हणा, "इंजिन सुरू न होता पार्किंगमधून बाहेर काढून दाखवा."

हायब्रिडचं कौतुक ट्रॅफिकमध्ये. विद्यापीठ चौक, हिंजवडी, घोडबंदर रोड अशा ठिकाणी जिथे साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज १० वर येतं, तिथे ही २० च्या वर देते. हायवेवर सलग शंभरच्या वेगानं हा फायदा बराच आकसतो. प्लगला लावायची नाही, रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये किती पळेल याची चिंता नाही. पण बॅटरी लहान असते. ग्रँड व्हिटाराची पाऊण युनिटचीच आहे. म्हणजे सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. "ही अर्धी इलेक्ट्रिक आहे" या वाक्यावर भाळू नका. आरटीओच्या करातही महाराष्ट्रात ती पेट्रोलच्याच रांगेत उभी असते. उत्तर प्रदेशात माफी मिळाल्याच्या बातम्या वाचून आपल्याकडे वाद घालू नका.

*इलेक्ट्रिक.* वहीत रोजचं अंतर ठरावीक, रात्री स्वतःचा सॉकेट, आणि लांबचे प्रवास मोजके. हे तिन्ही जुळलं तर हिला पर्याय नाही. बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. काही कंपन्या हल्ली त्याहून जास्तीची जाहिरात करतात. तिथे एकच विचारा, दुसऱ्या मालकाला काय मिळतं? उत्तर लेखी घ्या. गाडी विकताना तोच आकडा उपयोगी पडतो.

४. रुपयांत मांडा

हे मी एका कागदावर मांडलं होतं, तुम्ही तुमचे आकडे घाला. पेट्रोल १०४, डिझेल ९० आणि सीएनजी ९२ च्या आसपास धरला आहे. मायलेज शहरातलं, खरं. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा मायलेजचा आकडा हा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो. तो दोन गाड्यांची तुलना करायला चांगला, पण खर्चाच्या हिशेबाला त्यातून पाव भाग तरी वजा करा.

पेट्रोल लिटरला १३ किलोमीटर: किलोमीटरला ८ रुपये.
डिझेल १५: ६ रुपये.
स्ट्राँग हायब्रिड २१: ५ रुपयांना थोडे कमी.
सीएनजी किलोला २०: ४ रुपये ६० पैसे.
इलेक्ट्रिक, चार्जिंगमधली घट धरून युनिटला ६ किलोमीटर: घरी १० रुपये दरानं १ रुपया ७० पैसे, हायवेच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये दरानं साडेतीनच्या पुढे.

वर्षाला १२,००० किलोमीटरला पेट्रोलचे ९६,००० आणि घरी चार्ज केलेल्या इलेक्ट्रिकचे २०,०००. हायब्रिडचे ५९,०००. हायब्रिड पेट्रोलपेक्षा सव्वादोन लाखांनी महाग असेल तर वसुलीला सहा वर्षं लागतात. रनिंग २५,००० असेल तर तीनच. इलेक्ट्रिक तीन लाखांनी महाग पडली तरी चार वर्षांत बरोबरी. डिझेल दीड लाखानं महाग धरली तर ७५,००० किलोमीटर होईपर्यंत तुम्ही फक्त जादा दिलेले पैसे परत मिळवत असता.

करांचा फरक मोठा आहे. एक्स-शोरूम १२ लाखांच्या गाडीवर महाराष्ट्रात आरटीओचा कर पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४, सीएनजीला ९ (जुलै २०२५ पासून एक टक्का वाढून), आणि इलेक्ट्रिकला माफ. म्हणजे अनुक्रमे १,४४,०००, १,६८,०००, १,०८,००० आणि शून्य. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर पेट्रोल-डिझेलचा हा कर २० टक्क्यांवर जातो. हौसेनं फर्मच्या नावावर घेणाऱ्यांनी आधी सीएला फोन करावा. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून असा: चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना १८ टक्के (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत), मोठ्या गाड्यांना ४०, इलेक्ट्रिकला ५. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत आहे. इलेक्ट्रिकला पीयूसी लागत नाही.

टोलचं असं आहे, की मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग इथे राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. एक्स्प्रेस वेचे जाऊन-येऊन ६४० रुपये वाचतात. पण नाक्यावरून गेल्यावर मोबाइलवरचा फास्टॅगचा मेसेज बघा, पैसे कापले गेले असतील तर तक्रार टाका. आणि ही माफी सगळीकडे नाही. पुणे-कोल्हापूरच्या वाटेवर खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी चारही ठिकाणी इलेक्ट्रिकला टोल भरावा लागतो.

५. टेस्ट ड्राइव्ह: दुकानाभोवती फेरी नको

स्वतःच्या रोजच्या रस्त्यावर, ऑफिसच्या वेळेला, एसी लावून आणि घरच्या सगळ्यांना बसवून गाडी चालवा. आई-वडील असतील तर त्यांना मागच्या सीटवर बसवाच. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी खाली असल्यानं काहींचा पाय ठेवायचा भाग उंचावतो आणि गुडघे वर येतात. माझ्या आईनं एका गाडीत बसल्या बसल्या "हे तर पाटावर बसल्यासारखं आहे" म्हणून निकाल दिला. ती गाडी यादीतून गेली.

सोसायटीच्या उतारावर आणि मोठ्या स्पीडब्रेकरवर खाली घासते का पाहा. हायब्रिडमध्ये डिकी उघडून बॅटरीनं किती जागा खाल्ली ते बघा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही विचारा. कोकणात ऐन पावसात फाटलेल्या टायरपुढे ते किट काही कामाचं नसतं.

६. शोरूममधले सापळे

"साहेब, इलेक्ट्रिकच्या कर्जावर दीड लाखाची व्याजसवलत आहे." ही ८०ईईबी कलमाची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. नवीन कर्जाला नाही. मला हे २०२४ मध्ये दोन ठिकाणी ऐकवलं गेलं.

कोटेशनमध्ये हँडलिंग, लॉजिस्टिक, फॅसिलिटेशन अशा नावांनी रकमा असतात. एकेकीचं कारण विचारत जा, बऱ्याच गळतात. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन दाखवलं की तिथलाच आकडा दहा-पंधरा हजारांनी खाली येतो. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर घेतात. तो खर्च नाही, रिटर्न भरताना परत मिळतो. पण पावती आणि पॅन बरोबर लागला आहे ना ते पाहा.

बॅटरी भाड्यानं देण्याची योजना असेल, म्हणजे गाडी स्वस्त आणि किलोमीटरला अमुक रुपये, तर महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, बॅटरीचं कर्ज वेगळं आहे का आणि गाडी विकताना त्याचं काय, हे तीन प्रश्न विचारा. कमी फिरणाऱ्याला ही योजना बहुधा महाग पडते.

आणि रेंज! विक्रेता जाहिरातीतला आकडा सांगेल. तुम्ही त्याला "हायवेवर शंभरच्या वेगानं, चार माणसं, एसी" एवढं सांगून विचारा. तो गप्प बसला तर जाहिरातीच्या दोन तृतीयांश धरा.

७. कागदपत्रं

खरेदी आणि नोंदणीसाठी पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा (भाड्यानं राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार) आणि फोटो. कर्जासाठी तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ किंवा दोन वर्षांचे रिटर्न. चार्जिंगसाठी सोसायटीचं परवानगीपत्र, पार्किंग वाटपपत्र, ताजं वीजबिल, इलेक्ट्रिशियनचं पत्र.

शोरूमकडून तुम्ही घ्यायचं ते: टॅक्स इनव्हॉइस, फॉर्म २१ आणि २२, विमा पॉलिसी, आरटीओ कराची पावती, दोन्ही चाव्या, वॉरंटीची कागदं. फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज. तो कोरा असताना सही करू नका. नाव, पत्ता, इंधनाचा प्रकार भरलेला पाहून मगच करा. कर्ज फिटलं की बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा असतो. पाच वर्षांनी हे हमखास विसरतं, आजच कॅलेंडरमध्ये टाका.

८. ताबा घ्यायच्या आधी आणि पहिला लांबचा प्रवास

नंबर टाकण्याच्या आधी गाडी दिवसाउजेडी यार्डात जाऊन पाहा. चेसिस नंबरवरून बनावटीचा महिना, किलोमीटरचा आकडा, टायर, काचा, रंगाचे डाग. इलेक्ट्रिक असेल तर सोबतचा चार्जर तिथेच लावून दाखवायला सांगा आणि फास्ट चार्जिंगही एकदा करून बघा. खासगी इलेक्ट्रिकची पाटी हिरवी, अक्षरं पांढरी.

लांबच्या प्रवासाला इलेक्ट्रिकवाल्यांनी दोन-तीन कंपन्यांची चार्जिंग ॲप आधीच घेऊन थोडे पैसे भरून ठेवावेत. बंद मशीनपुढे उभं राहून ओटीपीची वाट पाहणं फार वाईट. बॅटरी २५ टक्क्यांवर आली की थांबायचं, पुढच्या चार्जरपर्यंत ताणायचं नाही, कारण तो बंद असू शकतो. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, तेव्हा चहा संपला की निघा. घाटाची भीती किती खरी ते सासऱ्यांसाठी मी मोजलं. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते, त्याला नेहमीपेक्षा अडीच-तीन युनिट जादा जातात. उतरताना त्यातला बराचसा भाग ब्रेकमधून परत येतो. फोंडा घाट उतरून पायथ्याला आलो तेव्हा बॅटरी वर होती त्यापेक्षा तीन टक्के जास्त दिसत होती. सासरे पुढच्याच सीटवर होते. काही बोलले नाहीत, पण गावात पोहोचल्यावर पहिली तीच बातमी त्यांनी दिली.

आता अर्थिंगचा किस्सा. गावच्या घरी मे महिन्यात रात्री गाडी लावली तर चार्जरवर लाल दिवा. सॉकेट बदललं, वायर बदलली, तरी लालच. सकाळी वायरमन आला, त्यानं काहीच न उघडता विचारलं, "अर्थिंगचो खड्डो खंय हा?" अंगणात माडाच्या बुंध्याशी तो खड्डा होता, उन्हानं पार कोरडा पडलेला. त्यानं मीठ आणि कोळसा टाकला, वर चार बादल्या पाणी ओतलं. दहा मिनिटांनी दिवा हिरवा. जमिनीत ओल नसेल तर अर्थ मिळत नाही, आणि अर्थ नसेल तर चार्जर गाडीला वीज देत नाही. ते आपल्याच जिवासाठी असतं, म्हणून अर्थची पिन तोडलेले जुगाडू प्लग कुणी सुचवले तर घेऊ नका. आता आम्ही गावी निघायच्या आदल्या दिवशी काकांना फोन करतो, ते खड्ड्यात पाणी घालून ठेवतात.

एक राहिलंच. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रिमोटनं उघडत नाही की सुरू होत नाही. महिनाभर परगावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना चावी देऊन आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायला सांगा, आणि ती बॅटरी बॉनेटखाली कुठे आहे ते ताबा घेतानाच दाखवून घ्या.